आज रंग काय?

"मूळव्याध नाही, बाई. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीच्या हॉस्पिटलात मी आणि आमचे हे समोर बसलो होतो. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हे, की वैशाख पौर्णिमा तीन आठवड्यांवर आलीय आणि नेरूळच्या आमच्या विहारात बायकांची वंदना दरवर्षी मी घेते. मेल्याला हीच वेळ सापडली.

ऑपरेशन झालं. गाठीसकट आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं शिवली. मग सिस्टर रोज पोटाच्या कातडीत हेपारिन टोचायला लागली. हेपारिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. डॉक्टरांनी समजावलं, कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पण याच औषधाने आतल्या शिवणीतून रक्तही जाऊ शकतं. "शी करताना रक्त दिसलं तर लगेच सांगायचं." मी शहाण्यासारखी मान डोलावली.

वंदनेची पांढरी साडी मी यांच्याकडून मागवून उशाशी ठेवली होती. तिला डांबरगोळीचा वास होता, आमच्या कपाटाचा. तो घेतला की घराची इतकी ओढ लागायची की रडू यायचं. माझा ओटा, नळाला पाणी यायची वेळ, शेजारणीची कटकटसुद्धा हवीशी वाटायची.

सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, परवा घरी सोडू. पौर्णिमा तेरवा. त्याच सकाळी संडासात रक्त पडलं. मी गपचूप पाणी ओतलं. दुपारी चादरीला डाग लागला तेव्हा सिस्टरला सांगितलं, पाळी आलीय. वर्षभर मूळव्याध म्हणून हेच रक्त लपवलं होतं, तरी अक्कल आली नव्हती.

संध्याकाळी मला गरगरायला लागलं. हे तळोज्याच्या कंपनीतून थेट आले होते. डॉक्टर तपासायला आले, तर सिस्टरने पाळीचं सांगितलं. आमचे हे म्हणजे बायकांचा विषय निघाला की उठून बाहेर जाणारे. जमिनीकडे बघत, पण सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टर, हिची पाळी जाऊन दोन वर्षं झाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेपारिन लगेच बंद केलं. रक्ताची बाटली चढवली. दोन दिवसांनी रक्त थांबलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "औषध थांबवलंय, म्हणजे आता गुठळीची भीती वाढली. आता तुम्हाला चालावं लागेल." मग घट्ट मोजे घालून, यांचा हात धरून मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचे. पौर्णिमा तिथेच गेली. यांनी विहारातली खीर डब्यातून आणली, मला दोन चमचे मिळाली.

घरी जायची घाई सगळ्यांनाच असते. तुमच्यावर ही वेळ आली तर माझ्यासारखं करू नका. रक्त दिसलं की सांगा, त्याला दुसरं नाव देऊ नका.

घरी आल्यावर हे रोज संडासच्या दाराबाहेर उभे राहून विचारायचे, "आज रंग काय?" शेजारी ऐकतील म्हणून मी चिडायचे, आतूनच म्हणायचे, "नेहमीचाच." कित्येक वर्षं हे चाललं.

मी राहिले, हे गेले. हार्टने, एका सकाळी. पौर्णिमेला पांढरी साडी नेसते, वंदना घेते. दाराबाहेर आता कोणी नसतं. तरी कडी काढताना तोंडातून निघतंच, "नेहमीचाच."