अ की वि?

उजव्या हाताचं बोट वर करून ते विचारायचे, "अ की वि?" आणि उत्तर मिळेपर्यंत बोट खाली यायचं नाही. समोर शिपाई असो, रुग्णवाहिकेचा चालक असो की तालुक्याचे डॉक्टर असोत, बोट तिथंच. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. सगळे त्याच्या पाठीमागे हसतात आणि काही अडलं की त्यालाच शोधत फिरतात.

नाशिकलगतच्या एका तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात मी कंत्राटावर संगणकाचं काम करायचे. ते तिथं आरोग्य सहायक होते, निवृत्तीला टेकलेले, मूळचे नामपूरकडचे. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. ते मला ताई म्हणायचे, मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान असूनही.

आप्पांना वेड होतं ते तक्त्यातल्या शब्दांचं. बैठकीत डॉक्टर म्हणाले, "क्षयाचे रुग्ण वाढलेत," की मागच्या खुर्चीवरून आवाज यायचा, "नवे वाढले की एकूण वाढले, साहेब?" साहेबांच्या कपाळाला आठी पडायची. मी एकदा विचारलं, असा काय मोठा फरक पडतो? तर म्हणाले, "आमच्याकडं कांद्याची चाळ असते ना, ताई. आज चाळीत किती कांदा पडला हा एक प्रश्न. आज चाळीत एकूण किती कांदा आहे हा दुसरा. दोन्हीला नुसतं 'कांदा किती' म्हणून कसं भागेल?" तेव्हापासून मला ते दोन रकाने कधी चुकले नाहीत.

शिपाई म्हणाला, "यंदा आमच्या गल्लीत लग्नांची साथ आलीय." आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "एका गल्लीत एकदम तीन म्हणजे उद्रेक. गावोगाव पसरली की मग साथ म्हण."

एकदा त्यांच्या पत्नी डबा घेऊन आल्या आणि माझ्याकडे तक्रार करू लागल्या, हे रोज उशिरा जेवतात म्हणून. आप्पा कागदातून मान वर न काढता म्हणाले, "आज नव्यानं उशीर झालाय की जुनाच चालू आहे?"

"जुनाच! लग्नापासूनचा!" काकू म्हणाल्या. त्या दिवशी अख्खं कार्यालय हसलं. आप्पासुद्धा.

मग ती साथ आली. खरीखुरी, गावोगाव पसरलेली. आणि तिच्याबरोबर सरकारी कागदांतून दोन जुळे शब्द आले, अलगीकरण आणि विलगीकरण. गावातले लोक दोन्हीला 'कोरोंटाइन' म्हणून मोकळे व्हायचे. आमच्यातले निम्मे लोकही दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरायचे. वर्तमानपत्रांतही तोच गोंधळ. आप्पांचा मात्र जीव जायचा. आजाऱ्याजवळ राहिलेला पण धडधाकट माणूस, त्याला चौदा दिवस वेगळा ठेवायचा, ते अलगीकरण. ज्याला आजार झालाय त्याला ठेवायचा, ते विलगीकरण. आमच्याकडे पहिल्यासाठी शाळा घेतली होती, दुसऱ्यासाठी वसतिगृह.

"लक्षात ठेवा," आप्पा प्रत्येकाला सांगायचे. "अ म्हणजे अजून काही नाही. वि म्हणजे विषाणू सापडलाय. एक अक्षर चुकलं तर धडधाकट माणूस आजाऱ्यांत जाऊन पडेल."

चालक गाडी काढण्याआधी माझ्याकडून यादी घ्यायचा. यादीत नाव, गाव आणि शेवटी तो एक शब्द. आप्पा प्रत्येक नावावर पेन्सिल टेकवून अ की वि पाहायचे आणि मगच सही करायचे.

एका दिवशी सकाळपासून चौथी यादी चालली होती. संगणकात एक सोय असते. वरचा शब्द धरून खाली ओढला की खालचे रकाने आपोआप भरतात. मी 'विलगीकरण' हा शब्द ओढला. एक रकाना जास्त ओढला गेला. आप्पा दोन फोनवर बोलत होते, गाडी दारात उभी होती. त्यांनी पेन्सिल हातात घेतली तेव्हा मी म्हणाले, "बघितलंय मी, आप्पा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मी काही बघितलं नव्हतं.

ती शेवटच्या ओळीतली बाई झेंडूची शेती करणारी होती, पन्नाशीची. तिच्या मुलाला आजार झाला होता. तिला काही नव्हतं. ती वसतिगृहात गेली.

तिसऱ्या दिवशी आप्पा तिथं फेरीला गेले. ती खिडकीशी पदर तोंडावर धरून बसली होती. त्यांना म्हणाली, "मला काय बी नाय झालं, साहेब. हितं समदे खोकू ऱ्हायले." आप्पांनी खिशातली यादी काढून बघितली. तासाभरात त्यांनी तिला शाळेत हलवलं. पण चार दिवसांनी तिला ताप आला आणि दोन आठवड्यांत ती शहरातल्या दवाखान्यात गेली. गेली म्हणजे वारली. आप्पांना 'गेली' चाललं नसतं.

त्यांनी घडलं ते सगळं लिहून काढलं आणि डॉक्टरांपुढे ठेवलं. "सही माझी आहे," एवढंच म्हणाले. माझं नाव कुठंही नव्हतं. डॉक्टरांनी कागद परत केला. "आप्पा, आता कागद वाढवू नका. घरात पोरगा बाधित होता, त्याच्याकडूनही लागण झाली असेल." मी शेजारच्या टेबलावर बसून हे ऐकत होते. माझं कंत्राट दोन महिन्यांत संपत होतं. मी टाइप करत राहिले. याची लाज मला तेव्हाही वाटली आणि आजही वाटते.

मृत्यूच्या अहवालात एक रकाना होता, लागण कोणाकडून. तो मीच भरला होता: मुलगा. नियमानं बरोबर होतं. घरात आधी बाधित झालेला तो एकटाच. आप्पा त्या शब्दावर पेन्सिल टेकवून उभे राहिले. वैतागले की त्यांची घरची बोली बाहेर पडायची.

"हाई काय शे, ताई?"

हे काय आहे, असं ते विचारत होते. पुढे तो मुलगा बरा होऊन आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी कार्यालयात आला. अहवालातला तो रकाना वाचून म्हणाला, "म्हंजी माझ्यामुळंच." आम्ही दोघंही तिथं होतो. आप्पांचं बोट टेबलावरून थोडं वर उचललं गेलं आणि पुन्हा खाली आलं.

त्यानंतर कुणी 'अ की वि' ऐकलं नाही. शिपायानं मुद्दाम खोड काढली, "आप्पा, यंदा पण लग्नांची साथ हाय." ते म्हणाले, "असेल." बैठकीत डॉक्टर नवे-जुने सगळे रुग्ण एकाच आकड्यात सांगायचे आणि मागची खुर्ची गप्प असायची. मला ते ऐकवत नसे. त्यांनी मला चारचौघांत झाडलं असतं तर बरं झालं असतं.

निरोपाच्या दिवशी शाल-नारळ झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "लागण घरात झाली की वसतिगृहात, हे आता कुणालाच पक्कं सांगता येणार नाही, ताई. पण त्याच्या वाट्याला निदान शंका तरी यायला पाहिजे. ते पोरगं खात्री घेऊन जगतंय. मी सांगतो त्याला."

"सांगा, आप्पा," मी म्हणाले. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्यांनी सांगितलं असणार असं धरून मी एवढी वर्षं चालले.

गेल्या उन्हाळ्यात कार्यालयाच्या ग्रुपवर आप्पा वारल्याचं आलं. खाली हात जोडलेल्यांची रांग. मीही जोडले.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी नाशिकला गणेशवाडीच्या फूलबाजारात गेले. तो मुलगा झेंडूच्या ढिगामागे बसला होता. मी ओळख दाखवायच्या आत त्यानंच विचारलं, "ताई, तुम्ही हापिसातल्या ना? आप्पा नाय आले यंदा?"

मी सांगितलं. तो हातातली फुलं तशीच धरून बसला.

"लय भला माणूस. दर दसऱ्याला नामपूरहून यायचे. नामपूरला काय झेंडू मिळत नाय? हितं येऊन बसायचे, म्हणायचे, तुला एक सांगायचंय. मंग आईचा विषय निघायचा. मी म्हणायचो, आप्पा, माझ्यामुळं गेली ती. असं म्हणलं की ते निस्ती मान खाली घालायचे. मंग दोन किलो झेंडू घ्यायचे आन जायचे."

"मलाही तुला एक सांगायचंय," मी म्हणाले.

त्यानं फुलं खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्याकडे बघत राहिला. "बोला ना, ताई."

मागची बाई मला ढकलत होती. तो अजून थांबला होता.

"दोन किलो दे," मी म्हणाले.