संगणकाचे बारसे

हे नारायणा, तू रूपे अनंत घेतलीस. पण प्रत्येक रूपाला वेगळे नाव दिलेस, म्हणून भोळ्या भक्ताची हाक कधी चुकली नाही. तुझ्या चरणी माथा ठेवून सुकदेव नक्षीवाल्याची कथा सांगतो.

खानदेशातून सुरतेला आलेला सुकदेव नवागामात राही. आठ वर्षे तो मागावर उभा राहिला आणि पाळी सुटल्यावर साडीच्या काठांची नक्षी काढायला शिकला. १९९६ साली संगणक बनवणाऱ्या एका शेठने त्याला हाताशी घेतले. शेठने नवे यंत्र बनवले होते: पाटीएवढा संपूर्ण संगणक, काचेवरच पेनाने नक्षी काढावी. ते व्यापाऱ्यांना विकायचे काम सुकदेवाचे. दिवाळीपर्यंत जमले नाही, तर पुन्हा माग.

यंत्र गुणी, पण शेठने त्याला जुन्याच मालाचे नाव दिले, ‘चित्रपाटी’. जुनी चित्रपाटी म्हणजे संगणकाला तारेने जोडायचा फळा. नाव तेच, खोके तेच, वरचा मोरही तोच. फळा असलेले म्हणत, आमच्याकडे आहेच. नसलेले म्हणत, संगणकच नाही, तर फळा कशाला जोडू? खोके उघड, असे कोणी म्हणेना.

श्रावण सरता सरता त्याने बायकोला, उज्ज्वलेला, सारे सांगितले. भाकरी थापत ती म्हणाली, “दोन पोरेस्ले एकज नाव कोन ठेवस? आधी बारसं करा.”

सुकदेव हसला, आणि हसता हसता थांबला. सुरतेच्या बाजारात साडीचा प्रत्येक नवा माल स्वतःच्या नावाने, पूजा करून उतरतो, हे तो रोज पाहत होता. त्याने शेठची मनधरणी केली. दुकानात पाळणा टांगला. शेजारच्या धुरपदाबाई आत्या झाल्या. यंत्रापाशी वाकून त्यांनी ‘रंगमंजिरी’ हे नाव सांगितले. घुगऱ्या खायला व्यापारी जमले आणि पाळण्यातल्या काचेवर सुकदेवाने काढलेली वेल पाहत राहिले.

“सुकदेवभाई, हा तर आखा संगणक छे!” एक म्हातारे व्यापारी म्हणाले. “चार महिने मला फळा कशाला विकत होतास?”

“मी कुठे, काका? ते खोकेच फळा विकत होते.”

दिवाळीपर्यंत सातच यंत्रे गेली. वाया गेलेले महिने भरून निघाले नाहीत. पुढे शेठने ते बनवणेच थांबवले. पण त्या म्हाताऱ्या काकांनी यंत्राबरोबर ते चालवायला सुकदेवालाही मागून घेतले. आज तो खिडकीशी बसून नक्षी काढतो, आणि त्याच्या वेली बायाबापड्यांच्या अंगाखांद्यावर मिरवतात.

देवा, त्याच्या बोटांना बळ दे, उज्ज्वलेची चूल पेटती ठेव, आणि त्या घरी आलेला कोणीही उपाशी न जावो.