अडतीस, नऊ

डॉक्टर मुळ्ये माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, पायांकडे आधी. सिविल लाइंसमधल्या त्यांच्या दवाखान्यात एक्स-रे काढण्याच्या कामाची जागा रिकामी होती, म्हणून वडलांना घेऊन मी पहिल्यांदा त्यांना भेटायला गेले. अर्जावर नजरही न टाकता ते वडलांना म्हणाले, "बेचाळीस, दहा." मग माझ्याकडे वळून, "सदतीस, आठ." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी कंपाउंडरनं हसत खुलासा केला, की उद्या आमच्या मांडीचं हाड मोडलं तर किती सेंटिमीटर लांब आणि किती मिलिमीटर जाड खिळा लागेल, ते डॉक्टरसाहेब सांगताहेत. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सगळीकडे त्यांचं हेच चाले. त्यांच्या घरच्या वहिनी म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा पोह्यांच्या आधी खिळाच ठरवला असेल यांनी."

खिळा म्हणजे भिंतीत मारतात तो नव्हे. पोलादाची लांब पोकळ सळई, हाडाच्या आतल्या पोकळीत ठोकून बसवायची. त्या काळी आमच्याकडे मांडी मोडली की पायाला वजन बांधून तीन महिने खाटेवर पडायचं. हाड जुळायचं, पण गुडघा कायमचा ताठ व्हायचा. मुळ्येंचा राग त्या ताठ गुडघ्यावर. "जुळलेलं हाड फोटोत काय बघता ताई," ते मला म्हणत. "उकिडवं बसता आलं की बरं झालं. आपल्याकडे चूल, शेत आणि संडास, तिन्ही उकिडवं बसूनच निभतं." बऱ्या झालेल्या प्रत्येक रोग्याला ते दवाखान्याच्या अंगणात उकिडवं बसायला लावत. बसला तर पास, नाहीतर पुन्हा व्यायाम.

गरौठा गावची कलावती दाई आली ती बैलगाडीवरून पडून, डावी मांडी मोडून. बाळंतपण उरकून घरी परतत होती. आसपासच्या गावांत तिच्याशिवाय पोर जन्माला येत नसे, असा तिचा लौकिक. वेदनेनं ओठ पांढरे पडले होते, पण तिनं विचारलं एकच. "डाक्टर साब, हम उकड़ूँ बैठ पाहें कै नईं? हमाओ तो जोई काम है।" बाळंतपण करवायचं म्हणजे तासन्तास उकिडवंच बसायचं. मुळ्येंनी तिच्याकडे पाहिलं. "अडतीस, नऊ," ते पुटपुटले आणि मोठ्यानं म्हणाले, "बैठ पाओगी बाई. हमारी जबान है।"

त्यांनी दिलेल्या शब्दाची वाट लावायला मी होतेच.

खिळ्याची जाडी ठरवायची त्यांची एक रीत होती. चांगल्या पायाचा फोटो काढायचा आणि काढताना एक खिळा मांडीच्या बाजूला, बरोबर हाडाच्या उंचीवर चिकटपट्टीनं लावायचा. एक्स-रेमध्ये हाड असतं त्याहून थोडं मोठं दिसतं. खिळाही तेवढाच मोठा दिसला म्हणजे तुलना खरी. त्या दिवशी चिकटपट्टी संपली होती, बाई कण्हत होती आणि माझ्या अंगात आळस होता. मी दहा नंबरचा खिळा तिच्या मांडीखाली, थेट फिल्मच्या पेटीवर सरकवून दिला. हाड फुगून दिसलं, खिळा होता तेवढाच राहिला. फोटोत दहा नंबर अगदी ऐसपैस बसत होता. मुळ्येंनी फोटो खिडकीशी धरला, क्षणभर कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "माझा डोळा नऊ म्हणतोय. पण फोटो तुमचा आहे, तेव्हा दहा."

ऑपरेशनला एक्स-रेचं फिरतं यंत्र घेऊन मी आतच होते. वरच्या तुकड्यातून खिळा उतरला. तुटलेली टोकं जुळवून मुळ्ये तो खालच्या तुकड्यात ठोकू लागले. ते नेहमी म्हणत, "हातोडीचा आवाज ऐका, हाड बोलतं." आधी मोकळा असलेला आवाज चढत गेला, बारीक झाला आणि खिळा थांबला. मी फोटो काढला, अंधाऱ्या खोलीत धुऊन ठिबकतच घेऊन आले. खिळा अर्ध्यावर रुतला होता.

"कुठे हाडाची कपची आडवी आली असेल," ते स्वतःशीच म्हणाले. "दोन घाव जोरात घातले तर पुढे जाईल." आणि हातोडी उचलली.

दहा नंबर नऊच्या हाडात आणखी रेटला, तर हाड उभं चिरणार. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. "डॉक्टरसाहेब, थांबा," मी म्हटलं. "खिळा मी मांडीखाली ठेवला होता."

हातोडी घाव न घालताच खाली आली. ओरडतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. ऐकू आलं ते एवढंच, "नर्सबाई, खिळा ओढून काढायचा हूक द्या. आणि नऊ नंबर."

नऊ नंबर उकळून तयार होता! "जो ठरला तो, एक त्याहून बारीक, एक त्याहून जाड" हा त्यांचा नियम, आणि त्यावरून आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो. रुतलेला खिळा उलटे घाव घालून काढायला तासभर लागला, त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली. मग नऊ नंबर गेला. प्रत्येक घावाला पुढे, तोच मोकळा आवाज! तो आवाज ऐकून मी तिथंच रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बाहेर हात धुताना म्हणाले, "फोटो खोटं बोलला नाही ताई, आपण त्याला खोटं पढवलं. पण वेळेवर बोललात. उद्या बोलल्या असतात तर नुसता पश्चात्ताप झाला असता, आज पाय वाचला." तो दहा नंबर त्यांनी माझ्या टेबलामागच्या भिंतीला टांगला. मी निवृत्त होईपर्यंत तो तिथंच होता.

चार महिन्यांनी कलावती अंगणात आली, लुगडं सावरलं आणि धप्पकन उकिडवी बसली. व्हरांड्यातले रोगी टाळ्या पिटू लागले. आनंदाच्या भरात मुळ्येही तिच्यासमोर उकिडवे बसले, आणि त्यांना उठता येईना. "अरे राम, डाक्टर साब!" म्हणत तिनंच हात देऊन त्यांना उभं केलं. हाड पक्कं झालं की खिळा काढून टाकतात, त्यासाठी पुढे त्यांनी तिला कितीदा तरी बोलावलं. मांडीवर थाप मारत तिचं उत्तर ठरलेलं, "अब तो जा हमाई हड्डी है।"

डॉक्टर गेले, तेव्हा त्यांच्या घरी सिविल लाइंस लोटली होती. खुर्च्या, सतरंज्या, मोठी मोठी माणसं. पायरीजवळ पांढऱ्या केसांची एक बाई उकिडवी बसली होती. कुणीतरी खुर्ची पुढे केली, तिनं ती हातानंच मागे सारली. संध्याकाळपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मी आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"अडतीस, नऊ," मी म्हटलं.