चिकटपट्टी

परभणीच्या एका महाविद्यालयात मी जुने कागद जपायला शिकवतो. यंदा वर्गात तिघंच आहेत. पहिल्याच तासाला मी त्यांना दम भरला: फाटल्या कागदाला चिकटपट्टी लावाल तर याद राखा. तिचा गोंद कागदात मुरतो आणि पिवळा पडतो.

परवा मानवतचे एक म्हातारे शेतकरी आपल्या आजोबांच्या वेळची जमिनीची उर्दू सनद घेऊन आले. प्रत्येक घडीवर चिकटपट्टी! मी भडकलोच. "हा शहाणपणा कुणी केला?"

"मीच की, सर," ते ओशाळून म्हणाले. "लय तुकडे पडायले होते. एखादा हरवला तर, म्हणून लावली."

मी खुर्ची पुढे सरकवून त्यांना बसायला सांगितलं.

घरी मी एकटाच असतो. फ्रिजवर बायकोची बॉलपेननं लिहिलेली चिठ्ठी आहे: "गॅसवर दूध आहे, बघा. मी आलेच." ती वारली त्या आठवड्यात पंख्याच्या वाऱ्यानं चिठ्ठी खाली पडली, तेव्हा हाताला लागली ती चिकटपट्टी मीच लावली. आता ती पट्टी पिवळी पडलीय. कुठल्या औषधानं ती सुटते, हे मी दरवर्षी शिकवतो. त्या औषधानं बॉलपेनची शाई मात्र आधी जाते.