टक्, खर्र आणि मामाचे वाचक

मामाचं दुकान म्हणजे एक खोली आणि तिला दोन दारं. पुढच्या दारापाशी मामी लोकांचे कपडे अल्टर करते, मागच्या दारापाशी मामा शिलाई मशिनं दुरुस्त करतो. मामीचं बोलणं शिवणीच्या मापाचं असतं. अर्धं वाक्य, मग खडडड, मग उरलेलं वाक्य. मामाचं प्रत्येक वाक्य "म्हणजे कसं"ने सुरू होतं, "पाणी दे" हेसुद्धा.

मामाला मशीन बघावं लागायचं नाही. गिऱ्हाईक चाक फिरवायचं, मामा छताकडे बघायचा आणि तिथूनच निदान उतरायचं. "म्हणजे कसं, टक् टक् होतंय ना? सुई वाकडी आहे, खालच्या पत्र्यावर आपटतेय." "म्हणजे कसं, खर्र करून अडतंय? बॉबिनखाली दोऱ्याचा गुंता बघा." गिऱ्हाईकं त्याला डॉक्टर म्हणायची.

मागच्या वर्षी खऱ्या डॉक्टरांनी त्याचे कान तपासले. उजवा निम्मा गेलेला, डावाही त्याच वाटेवर. कानाचं यंत्र मिळेल म्हणाले, पण बारीक आवाजांतले फरक त्यातून पूर्वीसारखे कळायचे नाहीत.

घरी येऊन मामा बराच वेळ पक्कड पुसत बसला. मग म्हणाला, "म्हणजे कसं, माझ्याजवळ साठेक आवाज आहेत. कान जायच्या आत ते कुणाच्या तरी हवाली करायला हवेत."

"वहीत लिहाल," मामी म्हणाली, खडडड, "आणि वही माळ्यावर जाईल."

म्हणून ब्लॉग. सात महिन्यांत अडतीस लेख, सगळे एका बोटाने टाइप केलेले. मथळे असे, की वाचूनच माणूस सरळ बसावा : 'शटलच्या कडेची झीज : कारणे व उपाय, भाग तिसरा'. ब्लॉगवर वाचकांचा आकडा दिसायचा. तो रोज दोन असायचा.

"म्हणजे कसं, एक मी," मामा म्हणायचा, "आणि एक ही."

"मी उघडते फक्त," मामी प्रामाणिकपणे सांगायची.

मग एक दिवस जवळच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई आपलं मशीन घेऊन आल्या. या बाई रस्त्यातसुद्धा कुजबुजतात. वाचकांचा दोनाचा आकडा बघून त्या कुजबुजल्या, "अहो, पान लिहून ठेवलं की लोक येत नाहीत. पानं साठवायच्या साइट असतात. आवडलेलं पान लोक तिथे साठवतात, वर दोन शब्दांची चिठ्ठी लावतात, आणि तोच शब्द शोधणाऱ्या दुसऱ्याला ते पान सापडतं."

मामाचा चेहरा उजळला. "म्हणजे कसं, चिठ्ठी ना? आमच्याकडे प्रत्येक मशीनला असते की!" आणि खरंच, दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनच्या गळ्यात तक्रार लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली असते.

त्या रविवारी नवरा-बायको कामाला लागले. मामाने आपल्या नावाने अडतीस लेख साठवले. मामीने आपल्या नावाने तेच अडतीस साठवले. शहात्तर चिठ्ठ्या आणि सगळ्यांवर एकच मजकूर : 'अत्यंत उपयुक्त'. दुकानात जसं एका दिवसात काम उरकून टाकायचं, तसं उरकून टाकलं.

मंगळवारी दोघांची खाती बंद.

"मी काय चोर आहे?" मामा 'म्हणजे कसं' म्हणायलाही विसरला. त्याने साइटवाल्यांना पत्र लिहिलं, 'सप्रेम नमस्कार, आम्ही तीस वर्षे या धंद्यात असून आजवर एकही मशीन परत आलेले नाही.' उत्तर आलं नाही. मामा म्हणाला, "जाऊ दे. साठ आवाज माझ्याबरोबरच जायचे असतील." हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं, की मामीचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला.

मशीन न्यायला आलेल्या बाईंनी सगळं ऐकलं आणि त्या हसल्या. म्हणजे खांदे हलले, आवाज नाही.

"अहो डॉक्टर, दुसऱ्याच्या ग्रंथालयात शिरून सगळ्या कपाटांत आपलीच पुस्तकं कोंबलीत तुम्ही! हाकलतीलच की. आधी वाचक व्हा. दुसऱ्यांचं चांगलं ते साठवा, त्यावर खरं लिहा."

नवं खातं उघडून मामा महिनाभर वाचक झाला. लोकांची पानं साठवायची आणि चिठ्ठीवर परखड लिहायचं. 'पट्ट्याला साबण लावा म्हणतात. लावू नका. बाकी पान उत्तम.' 'चित्रं छान, तेलाची जागा चुकलीय.' लोक त्याच्या चिठ्ठ्या वाचायला लागले, कुणीकुणी उलट विचारायलाही लागले. तेव्हा कुठे त्याने भीत भीत स्वतःचा एकच लेख साठवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'शटलची झीज'.

कोणी फिरकलं नाही.

"अहो," मामी म्हणाली, खडडड, "आजवर एक तरी बाई 'माझं शटल झिजलंय' म्हणत दारात आलीय का?" खडडड. "'खर्र करतंय' म्हणतात! त्या गळ्यातल्या चिठ्ठ्या वाचा जरा!"

मामा उठला आणि रांगेतल्या मशिनांच्या चिठ्ठ्या वाचू लागला. 'खर्र करून अडतं.' 'मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यागत ओरडतं.' 'आधी टक्, मग काही नाही.' सगळ्या त्याच्याच अक्षरात, पण शब्द गिऱ्हाइकांचे.

लेखांचे मथळे त्याच दिवशी बदलले. आठवड्याला एकच लेख साठवायचा, असं ठरलं. पहिल्या चिठ्ठीवर 'खर्र', दुसरीवर 'मांजरासारखं कुंईं'. आकडा दोनाचा अकरा झाला, अकराचे चौऱ्याण्णव. अनोळखी माणसं त्याचे लेख स्वतःहून साठवू लागली. मामा रोज सकाळी शटर उघडायच्या आधी आकडा उघडायचा.

कान मात्र थांबले नव्हते. लेख लिहिताना आता तो मामीला बोलवायचा.

"टक् आहे की टुक्?"

"टक्."

"नीट ऐक गं."

"टुक्‌च्या शेजारचं टक्. लिहा आता!"

परवा दुपारी त्या 'टक्'च्या लेखाखाली कुठल्याशा लांबच्या गावातल्या बाईंनी विचारलं : माझं मशीन खळखळतं, मग एक टक् आणि गप्प, काय करू? मामाने बोट पुढे केलं. दोन ओळी होतायत तोवर खाली दुसऱ्याच एका वाचक बाईंचं उत्तर उमटलं. 'बॉबिनची डबी बसली नाहीये. काढा, कचरा झाडा, परत घालून खट् येईपर्यंत दाबा. खट् आल्याशिवाय मशीन चालवू नका.'

मामाने ते तीनदा वाचलं.

"चुकलंय का?" मामीने विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं?"

"म्हणजे कसं, खट् मी कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या साठात तो नाहीच." मामा पडद्याकडे बघत राहिला. "हा त्या बाईचा स्वतःचा कान आहे."

त्याने आपल्या दोन ओळी पुसून टाकल्या. मग मामीला उठवून तिच्याच मशीनची डबी काढली.

"तुम्हाला ऐकू येणार आहे का ते?" मामी म्हणाली.

"तू ऐक." मामाने डबी आत घातली आणि अंगठ्याने दाबली.

"खट्!" मामी म्हणाली.

"हो," मामा म्हणाला. त्याचा अंगठा अजून डबीवरच होता. "म्हणजे कसं, अंगठ्याला लागतं ते. हे लिहायला हवं."