मावशीच्या घरची लाईन

बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जीपमागे ओढायची एक पत्र्याची खोली बनवून घेतली. आत दोन बाकं, पत्रकांचे कप्पे आणि खिडकीशी झेरॉक्स नि छपाई दोन्ही करणारं जुनं मशीन. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. दुपारी दंडारीचं लोकनाट्य असतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, सगळं गाव रस्त्यावर असतं. आम्ही तिथे ही गाडी उभी करायचो आणि जातीचा दाखला, निराधार योजना, माहितीचा अधिकार यांचे अर्ज जागेवर छापून द्यायचो. मशीन चाललं तर आम्ही चाललो. तसं दुसरं आमच्याकडे नव्हतं.

वीज मात्र कोणाच्या तरी घरातून घ्यावी लागे. तारेवर आकडा टाकायचा नाही, हा बाबांचा नियम. माझाही, कारण वीजचोरीवर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं. दुसरा नियम फक्त त्यांचा होता: घरातून आलेली वायर आधी डब्यात, मग गाडीत. डबा त्यांनीच जोडलेला. विजेचा दाब फार चढला किंवा फार उतरला की तो टक् करून वीज तोडायचा, आणि तीन मिनिटं सगळं ठीक असल्याशिवाय परत जोडायचा नाही.

त्या वर्षी सानगडीकडच्या एका गावात चौकातल्या घरच्या मावशींनी आपणहून वायर दिली. आम्ही बौद्ध, त्या गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. चहा त्यांनी आधी दिला, मग प्लग दाखवला.

डब्यावर लाल आकडा आला, एकशे सत्तर. टक्.

"डिम आहे," मावशी म्हणाल्या. "थांबा, अर्थिंगले पाणी पाजतो."

भिंतीलगत जमिनीत पुरलेल्या सळईवर त्यांनी बादली ओतली. आमच्या भागात हे सगळेच करतात. घरातला बल्ब खरंच उजळला. डब्यानं तीन मिनिटं घेतली आणि वीज जोडली. खिडकीसमोर रांग लागली. चार अर्ज छापले नाहीत तोच आकडा सरसर दोनशे ऐंशीवर गेला. टक्.

असं तीनदा झालं. बाबा जीपमधून दाब मोजायचं मीटर आणायला गेले, तेवढ्यात मावशी खिडकीशी आल्या.

"काहून वो पोरी, आमच्या घरचा चाय चालते, अन् लाईन नाही चालत?"

"तसं नाही, मावशी. डबा लाईन तोडून राहिला."

"डबा तुमचाच ना? का तुमची मशीन राणी आहे, तिले आमचं करंट बाधते?"

रांगेतले हसले. मावशी हसल्या नाहीत.

मी वाढले ती पत्रकं वाचत, आणि त्यातली निम्मी पाण्यावरची होती: कोण कोणाच्या हातचं पीत नाही, कोण कोणाच्या विहिरीवर चढू देत नाही. तो प्रश्न असा उलट्या बाजूनं, एका दुखावलेल्या बाईच्या तोंडून मला कधी ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. आपण कोणाचं नाकारतोय ही कल्पनाच मला सहन झाली नाही. मी डबा काढला आणि मावशींची वायर सरळ गाडीत लावली.

"पाहा, चालते ना!"

"आता कसं!" मावशी म्हणाल्या.

सहा अर्ज सुरेख निघाले. मग समोरच्या चहावाल्यानं विजेची शेगडी लावली. आमचा बल्ब एकदम पांढरा झाला, मशीनमधून फट् आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास पसरला.

बाबा धावत आले. प्लग ओढला. बाजूला ठेवलेला डबा त्यांनी पाहिला.

"काहून काढला?"

"त्यांना वाईट वाटत होतं."

 मशीनचं मागचं झाकण उघडून बाबांनी काळी पडलेली सर्किटची प्लेट मावशींना दाखवली.

"डब्याले जात नाही समजत, बाई. होल्टेज समजते. तुमच्या घरचे बल्ब लवकर जातात का जी?"

मावशींनी वाकून ती प्लेट पाहिली. मग म्हणाल्या, "महिन्याले दोन जातात. टीवी गेला. मागच्या उन्हाळ्यात कूलर गेला. आमचं नशीबच तसं म्हणून राहिलो होतो."

बाबांनी मावशींच्या घरच्या मीटरपर्यंत सगळं तपासलं. घरात दोष नव्हता. खांबावरची परतीची तार, न्यूट्रल, ढिली होती. त्यामुळे समोर, दुसऱ्या फेजवर, शेगडी लागली की इकडे दाब चढायचा. सळईला पाणी पाजून तो दोष तेवढ्यापुरता झाकला जात होता, इतकंच.

मशीन पुढे साकोलीतही दुरुस्त झालं नाही. पण त्या दुपारी रांग तशीच उभी होती. मी कोरे कागद आणि कार्बन काढला, बाकावर बसले आणि हातानं लिहायला लागले. मावशी रांग मोडून पुढे आल्या. कोणी हरकत घेतली नाही. वीज कार्यालयाला अर्ज करायचा होता. मी सवयीनं 'महोदय, आपणांस कळविण्यात येते की' इथपर्यंत पोहोचले, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"ते राहू दे. मी सांगतो तसं लिही. आमच्या घरचं करंट वाईट नाही. खांबावरची तार ढिली आहे."

मी तसंच लिहिलं.