छावणीतल्या बंगल्याचा व्हरांडा

शिरूरला आम्ही भाड्यानं राहायचो तो बंगला इंग्रजांच्या छावणीच्या काळातला. घोडदळातल्या कुणा साहेबानं बांधलेला, असं म्हणत. काळ्या दगडाचा उंच चौथरा, जाडजूड भिंती आणि पुढं लांबलचक व्हरांडा. त्याचं छप्पर सागवानी खांबांवर ठेवलेल्या एका अखंड तुळईनं पेललं होतं. दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटीसुद्धा होती. आमच्याकडच्या उन्हात तिचा काय उपयोग? आई तिच्यात कांदे ठेवायची.

नव्वदच्या दशकात म्हातारा मालक वारला. त्याच्या मुलाला तिथं नवी इमारत उठवायची होती आणि आमचा दावा कोर्टात चालू होता. एका सकाळी तो जीपमधून काही माणसं, पहारी आणि घण घेऊनच आला. माझे वडील शाळेत मास्तर. निकाल लागेपर्यंत थांबा, एवढंच सांगून ते व्हरांड्यात उभे राहिले.

तो म्हणाला, "गुरुजी, बाजूला व्हा. न्हाईतर आधी तुमाला पाडतो, मंग घर."

वडील हलले नाहीत. त्यानं पहार आडवी फिरवली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. मी तेव्हा कॉलेजात होते. धावत गेले, तर एकानं वेणीला धरून मला पायऱ्यांवरून खाली फेकलं. ओठ फाटला, तोंड रक्तानं भरलं. आईनं वडिलांना ओढत अंगणात आणलं.

मग ती माणसं खांबांवर तुटून पडली. सगळा भार त्यांच्यावरच आहे, छप्पर अंगावर येईल, असं वडील कण्हत सांगत होते. मालकाच्या मुलानं हसून घण स्वतःच्या हातात घेतला. दोन खांब निखळले, तिसरा सरकला आणि तुळई कडाडली. कौलांसकट सगळं खाली आलं. त्याची माणसं पळाली, जीपही निघून गेली. तो मात्र तुळईखाली अडकला होता, मांडीचा पार चेंदा झालेला.

आई त्याच्याकडं बघत उभी राहिली. "मरू दे ह्याला," ती म्हणाली.

"आधी काढू," वडील म्हणाले.

त्याचीच पहार खाली घालून मी आणि आईनं तुळई उचलून धरली. वडिलांनी एका हातानं त्याला ओढलं.

पुण्याला त्याचा पाय कापावा लागला. आम्हीच खांब ढकलले, असा जबाब त्यानं पोलिसांना दिला. ती केस वर्षानुवर्षं चालली आणि शेवटी आम्ही सुटलो. तोवर दौंडला राहायला आलो होतो. वडिलांचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. ते डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकले. त्यांना त्या माणसाचा राग आल्याचं मी कधी पाहिलं नाही. मला मात्र अजून येतो.